वेगवान नौकेच्या इंजिनाचे माउंटिंग : निवड आणि बसवणी

नौकेच्या पोटात बसवलेले इंजिन ज्या आधारांवर तोललेले असते त्यांना व्यवहारात माउंटिंग म्हणतात, आणि वेगासाठी बांधलेल्या नौकांचे मालक त्यांची निवड करताना बहुधा एकाच कसोटीवर विसंबतात : धातू जितका जाड आणि बैठक जितकी कडक, तितके माउंटिंग मजबूत. ही कसोटी अपुरी आहे. इंजिनाचे वजन तर पेलायचे असतेच, परंतु त्याखेरीज पंखा फिरवताना इंजिनाला उलट्या दिशेने बसणारा पीळ, नाव लाटेवर आदळताना येणारा हादरा आणि काही रचनांमध्ये पंख्याचा संपूर्ण रेटा हे सारे माउंटिंगमार्फतच नौकेच्या सांगाड्यात उतरते. म्हणून कोणते माउंटिंग घ्यावे हा प्रश्न कॅटलॉग उघडण्याआधी, कोणते बल कोणत्या वाटेने जाते हे कागदावर मांडून सोडवावा लागतो.

येथे विचारात घेतलेल्या नौकांची परंपरा मुख्यतः अमेरिकेतली आहे. रे हंट यांनी आखलेल्या खोल व्ही-आकाराच्या तळाची ‘मॉपी’ ही नौका १९६० साली मायामी–नासाऊ शर्यतीत जिंकली, तेव्हापासून उसळत्या समुद्रावरून पूर्ण वेगाने जाणे शक्य आहे हे सिद्ध झाले आणि फॉर्म्युला, डोंझी, सिगारेट यांसारख्या नौकांमध्ये मोटारीसाठी घडवलेली अवजड आठ-सिलिंडरी इंजिने बसू लागली. त्यांतले सर्वांत परिचित म्हणजे शेवरोलेचे ‘बिग ब्लॉक’. ४५४ घनइंच, म्हणजे ७.४ लिटर, आणि ५०२ घनइंच, म्हणजे ८.२ लिटर, ही त्याची नौकांमध्ये विपुल दिसणारी मापे. गिअरबॉक्स, एक्झॉस्ट आणि इतर जोडसामान धरता असे इंजिन अर्ध्या टनाच्या घरात जाते. मुंबईत मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हलगतच्या समुद्रात पी-वन पॉवरबोट शर्यती झाल्या तेव्हा प्रेक्षकांनी पाहिलेल्या नौका या वर्गातल्या नव्हत्या. त्यांची इंजिने मागच्या फळीवर बाहेरून टांगलेली, म्हणजे आउटबोर्ड, होती, आणि आउटबोर्डची रबरी माउंटिंग कारखान्यातूनच बसवून येत असल्याने मालकाला निवडीचा फारसा वाव उरत नाही.

पहिली गोष्ट ठरवायची ती रेट्याची वाट. पंखा पाणी मागे ढकलतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून नाव पुढे जाते, आणि हे पुढे ढकलणारे बल नौकेच्या शरीरात कुठेतरी टेकावेच लागते. सरळ शाफ्टच्या रचनेत हे बल शाफ्टवरून कपलिंगमध्ये, कपलिंगमधून गिअरबॉक्समध्ये आणि तिथून इंजिनाच्या चार माउंटिंगमध्ये जाते, म्हणजे नाव प्रत्यक्षात माउंटिंगवर टेकून पुढे ढकलली जाते. हे बल किती असते याचा अंदाज करणे अवघड नाही : ५०० अश्वशक्तीचे इंजिन ४० नॉट वेगाने नाव नेत असेल आणि त्यातली साठ टक्के शक्ती प्रत्यक्ष ढकलण्यात उपयोगी पडत असेल असे धरले, तर रेटा सुमारे १,१०० किलो भरतो. हा भार आडव्या दिशेने, सतत, तासन्‌तास असतो, आणि केवळ वजन पेलण्यासाठी बनवलेले मऊ माउंटिंग त्याखाली पुढे कलून राहते, शाफ्टची रेषा बिघडते आणि मग दोष मात्र बेअरिंगवर जातो.

स्टर्नड्राइव्हची गोष्ट निराळी आहे. या रचनेत इंजिन आत, मागच्या उभ्या फळीला खेटून, आणि पंखा असलेला पाय बाहेर असतो. या मागच्या फळीला ट्रान्सम म्हणतात, आणि पंख्याचा रेटा थेट ट्रान्समवरच्या जोडपट्टीत उतरत असल्याने इंजिनाच्या माउंटिंगला तो जाणवत नाही. जेट नौकेतही रेटा पंपाच्या बेअरिंगमधून नौकेच्या तळात आणि ट्रान्सममध्ये जातो; इंजिन आणि पंप यांच्यामध्ये दोन सांध्यांचा छोटा शाफ्ट असतो, तो फक्त फिरण्याची शक्ती नेतो. (सर एडमंड हिलरी १९७७ मध्ये बंगालच्या उपसागरातून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध वर गेले ते अशाच, न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी विकसित केलेल्या जेट पद्धतीच्या नौकांतून.) व्ही-ड्राइव्हमध्ये इंजिन उलट तोंडाने, मागच्या बाजूला बसते आणि शक्ती आधी पुढे जाऊन एका पेटीतून वळून मागे येते, ही पेटी इंजिनालाच जोडलेली असेल तर रेटा पुन्हा इंजिनाच्या माउंटिंगवर येतो, आणि स्वतंत्र बसवलेली असेल तर तो त्या पेटीच्या बैठकीने घ्यायचा असतो. स्वतंत्र पेटीच्या नौकेत मालक इंजिनाच्या माउंटिंगवर खर्च करतात आणि पेटीचे चार बोल्ट जुनेच ठेवतात, असे पुष्कळदा दिसते; रेटा त्या चार बोल्टांवर असतो हे लक्षात घेतले तर खर्चाचा क्रम उलटा हवा.

दुसरा भार पिळाचा, आणि येथे थोडे गणित करणे फायद्याचे ठरते, कारण याच ठिकाणी बहुतेक अंदाज चुकतात. ५०० अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर ती शक्ती देत असेल तर क्रँकशाफ्टवरचा पीळ सुमारे ७१० न्यूटन-मीटर असतो. परंतु सरळ शाफ्टच्या नौकेत गिअरबॉक्स इंजिनालाच पक्का जोडलेला असल्यामुळे माउंटिंगला जाणवतो तो क्रँकशाफ्टवरचा नव्हे, तर गिअरबॉक्सच्या पुढे निघणाऱ्या शाफ्टवरचा पीळ; फेऱ्या दीडपट कमी करणारा गिअरबॉक्स असेल तर हा पीळ दीडपट, म्हणजे सुमारे १,०७० न्यूटन-मीटर होतो. अमेरिकी नौकांमध्ये डाव्या आणि उजव्या माउंटिंगमधले रूढ अंतर साडेबावीस इंच, म्हणजे सुमारे ५७ सेंटिमीटर असते, आणि तेवढ्या अंतराने भागले की एका बाजूवर १९० किलोचा भार वाढतो आणि दुसऱ्या बाजूवरून तितकाच उतरतो. एकूण ५०० किलो वजन चार ठिकाणी सारखे वाटले आहे असे समजले तर प्रत्येकाच्या वाट्याला १२५ किलो येतात. पूर्ण शक्तीवर एका बाजूच्या दोन माउंटिंगवर प्रत्येकी सुमारे २२० आणि दुसऱ्या बाजूच्या दोहोंवर अवघे ३० किलो उरतात. फेऱ्या निम्म्या करणारा गिअरबॉक्स लावला तर ते ३० किलोही राहत नाहीत, आणि इंजिनाची एक बाजू वर उचलली जाऊ पाहते. शांत धक्क्यावर उभ्या नौकेत जे माउंटिंग आरामात वजन पेलताना दिसते, त्याच माउंटिंगला थ्रॉटल उघडल्यावर ओढ सहन करावी लागते. आणि रबराला ओढ सोसत नाही, धातूला चिकटवलेल्या जागी ते सुटते.

तिसरा भार हादऱ्याचा. लाटेच्या माथ्यावरून उडालेली नाव पुन्हा पाण्यावर आपटते तेव्हा क्षणभर इंजिनाचे वजन चौपट-पाचपट झाल्यासारखे होते, म्हणजे ५०० किलोच्या इंजिनाचा दाब दोन ते अडीच टनांवर जातो आणि लगोलग उलट उसळी येते. त्याच वेळी हवेत सुटलेला पंखा पाण्यात परतताना एकदम अडखळतो आणि सगळ्या पिळाची दिशा-मात्रा काही क्षण अनिश्चित होते. निवड करताना जुळवायचा भार हा या क्षणाचा आहे. तलावातल्या सपाट पाण्यावरच्या जेट नौकेला आणि उघड्या समुद्रातल्या खोल तळाच्या नौकेला सारखेच इंजिन असले तरी माउंटिंग सारखे चालत नाही ते यामुळेच.

एवढे झाल्यावर मग प्रकारांकडे वळावे. ठोस माउंटिंगमध्ये रबर मुळीच नसते. ॲल्युमिनियमची किंवा पोलादाची पट्टी इंजिनाला आणि नौकेच्या तुळयांना थेट जखडते, आणि काही शर्यती नौकांत इंजिनाच्या पुढच्या तोंडावर आडवी जाड पाटी लावून तीच दोन्ही बाजूंना बांधली जाते. सरळ रेषेत काही सेकंद धावणाऱ्या शर्यतीच्या नौकेला हे योग्य आहे, कारण शाफ्टची रेषा तसूभरही हलू नये हीच तिची गरज, आणि धाव संपल्यावर सगळे उघडून तपासायला माणसे असतात. कुटुंबाला घेऊन दिवसभर हिंडणाऱ्या नौकेत मात्र ठोस माउंटिंगने इंजिनाची थरथर जशीच्या तशी सांगाड्यात जाते, इंधनाच्या नळ्यांचे सांधे, वायरींची टोके आणि मीटरच्या काट्यांचे खिळे एकेक करून ढिले होतात, आणि हे सगळे वेगवेगळ्या दिवशी घडत असल्याने त्यांचे कारण एक आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आणखी एक अडचण फार कमी बोलली जाते : वेगात असलेल्या नौकेचा सांगाडा किंचित पिळवटतो, आणि चार कोपऱ्यांत ठोस जखडलेले इंजिन त्या सांगाड्याचा एक भाग होऊन ते पिळवटणे आपल्या अंगावर घेते, अशा वेळी तडा जातो तो बेलहाउसिंगला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या आवरणाला. म्हणून ठोस बसवणी करायचीच असेल तर एका टोकाला तरी पातळ रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा थर ठेवून थोडी मोकळीक द्यावी.

रबरी माउंटिंगमध्ये इंजिनाचा बोल्ट आणि नौकेची बैठक यांच्यामध्ये रबराचा जाड ठोकळा धातूला पक्का चिकटवलेला असतो. साध्या प्रकारात हा चिकटपणा सुटला की इंजिन मोकळे होते, आणि वेगवान नौकेसाठी हा प्रकार वापरूच नये. त्याऐवजी ज्यात वरच्या आणि खालच्या धातूचे भाग एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणजे रबर पूर्ण फाटले तरी इंजिन बैठकीवरून उठू शकत नाही, असे बंदिस्त माउंटिंग घ्यावे. मेटालास्टिकचे ‘कुशीफ्लोट’ हे या वर्गातले जुने आणि जगभर वापरले जाणारे उदाहरण आहे. बंदिस्त माउंटिंगमध्ये उसळी रोखणारा थांबा असतो, वरचे धातूचे टोपण गळणारे तेल रबरापासून दूर ठेवते, आणि चांगल्या रचनेत रबराची तिन्ही दिशांतली लवचीकता वेगवेगळी ठेवलेली असते : वर-खाली मऊ, म्हणजे थरथर अडावी, पुढे-मागे कडक, म्हणजे रेटा घेता यावा. सरळ शाफ्टच्या नौकेसाठी ही शेवटची बाब निर्णायक समजावी आणि विक्रेत्याकडून माउंटिंगची पुढे-मागे दिशेतली क्षमता लेखी मागून घ्यावी. स्टर्नड्राइव्ह किंवा जेटच्या मालकाला तिच्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

रबर किती मऊ असावे याचे उत्तर कंपनांच्या हिशोबातून मिळते. कोणतीही वस्तू लवचीक आधारावर ठेवली की तिची एक नैसर्गिक वारंवारता ठरते, म्हणजे धक्का देऊन सोडल्यास ती सेकंदाला जितक्या वेळा डोलेल ती संख्या, आणि ती ढोबळमानाने इंजिनाच्या वजनाखाली रबर किती दबले यावरून काढता येते. रबर ३ मिलिमीटर दबले तर ही वारंवारता सेकंदाला सुमारे ९ येते. हलते रबर स्थिर रबराहून जरा कडक वागत असल्याने प्रत्यक्षात ती थोडी जास्त भरते. माउंटिंग थरथर अडवू लागते ते इंजिनाची कंपने या संख्येच्या सुमारे १.४ पट ओलांडून गेल्यावरच. त्याखाली ते काहीच अडवत नाही, आणि दोन्ही संख्या जुळल्या की उलट थरथर वाढवते. आठ-सिलिंडरी चार-आघाती इंजिनात प्रत्येक फेरीत चार स्फोट होतात, म्हणजे मिनिटाला ७०० फेऱ्यांच्या निष्क्रिय गतीवरही सेकंदाला ४७ च्या आसपास. ही संख्या नऊच्या पुष्कळ वर असल्याने स्फोटांची थरथर सहज अडते. एखादा सिलिंडर पेट घेत नसेल तर मात्र दर दोन फेऱ्यांनी एक खोट बसते, ७०० फेऱ्यांवर सेकंदाला जेमतेम सहा, गती वाढवत नेताना ती नैसर्गिक वारंवारतेतून पार होते आणि अख्खे इंजिन डोलू लागते. शर्यतीच्या धाटणीचा कॅमशाफ्ट बसवलेले इंजिन निष्क्रिय गतीवर मुळातच अडखळत चालते, त्यामुळे त्याच्याबाबत हे डोलणे थोडेफार गृहीतच धरावे.

येथेच एक इशारा द्यावासा वाटतो. थरथर आली की माउंटिंग बदलण्याची जी घाई होते तिच्याआधी इंजिनाचा तोल तपासावा. शेवरोलेच्या ४२७ घनइंची बिग ब्लॉकचा क्रँकशाफ्ट स्वतःतच तोललेला असतो, तर ४५४ चा तोल पुढच्या डॅम्परमध्ये आणि मागच्या फ्लायव्हीलमध्ये मुद्दाम ठेवलेल्या वजनाने साधलेला असतो. दोन्ही इंजिनांचे हे भाग एकमेकांवर बिनतक्रार बसतात, आणि जुन्या इंजिनांच्या जुळवाजुळवीत एकाचा डॅम्पर दुसऱ्याला लागला तर जगातले कोणतेही माउंटिंग ती थरथर थांबवू शकत नाही.

माउंटिंगचा निर्माता प्रत्येक नमुन्यासाठी भाराची वरची आणि खालची मर्यादा देतो आणि रबराचा कडकपणा शोअर मापात सांगतो. नौकांच्या माउंटिंगमध्ये हा आकडा साधारणपणे ४५ ते ६५ च्या दरम्यान असतो. खरेदी करणारा वरची मर्यादा पाहतो आणि खालची विसरतो. ३०० किलोच्या माउंटिंगवर १२५ किलो ठेवले तर ते पुरेसे दबत नाही, आणि न दबलेले रबर थरथर अडवण्याच्या कामात जवळपास लोखंडासारखे वागते. ‘जरा भारीच घेऊ’ हा हिशोब म्हणूनच येथे तोट्याचा आहे. शिवाय चारही ठिकाणचा भार क्वचितच सारखा असतो. गिअरबॉक्स मागे जोडलेला असल्याने वजनाचा मध्य मागे सरकतो, आणि मागच्या माउंटिंगवर साठ टक्के वजन येत असेल तर पुढे एक कडकपणा आणि मागे दुसरा घ्यावा लागतो, उद्देश असा की चारही ठिकाणी रबर सारखेच दबावे. इंजिन साखळी-पुलीला लटकवून एक टोक वजनकाट्यावर टेकवले की हा वाटा कळतो, आणि तेवढे करण्याचा कंटाळा करू नये.

रबराच्या जातीबद्दल थोडक्यात सांगता येते. नैसर्गिक रबर लवचीकपणात सर्वांत सरस, पण तेल आणि इंधन लागले की फुगून मऊ पडते. निओप्रीन तेलाला बऱ्यापैकी दाद देत नाही. पॉलियुरेथेन तेल-उष्णतेला टिकते, मात्र ते इतके कडक असते की त्याला ठोस माउंटिंगचा धाकटा भाऊ समजावे.

धातूची निवड मात्र अधिक बारकाईने करावी लागते. जाड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली, आरशासारखी चकचकीत माउंटिंग या नौकांच्या दुनियेत प्रतिष्ठेची मानली जातात, आणि ६०६१-टी६ या मिश्रधातूची ताकदही चांगली असते. पण तोच धातू वेल्डिंग केल्यावर सांध्यालगत आपल्या ताकदीचा मोठा हिस्सा, जवळपास निम्म्यापर्यंत, गमावतो, म्हणून वेल्डिंगने जोडलेला कंस आणि अखंड कोरलेला कंस यांची किंमत वेगळी असण्याला कारण आहे. शिवाय ॲल्युमिनियमला धातूच्या थकव्याची सुरक्षित पातळी नसते. कोरड्या हवेत पोलाद एका ठरावीक ताणाखाली कितीही वेळा वाकवले तरी तडा जात नाही. ॲल्युमिनियमला प्रत्येक हेलकावा मोजला जातो. खाऱ्या पाण्यात पोलादाचीही ही सवलत संपते, तेव्हा गॅल्व्हनाइझ किंवा चांगला रंग नसलेले पोलाद स्वस्त पडते असे समजण्यात अर्थ नाही.

बोल्टांच्या बाबतीत चकाकीला भुलू नये. ३१६ जातीच्या स्टेनलेसचा ए४-७० दर्जाचा बोल्ट चौरस मिलिमीटरला ४५० न्यूटनवर कायमचा ताणला जाऊ लागतो, तर साधा झिंक चढवलेला ८.८ दर्जाचा पोलादी बोल्ट ६४० पर्यंत टिकतो. म्हणजे त्याच जाडीत स्टेनलेस लावून गंज वाचवला, पण ताकद घटवली. जिथे पाणी साचत नाही आणि नियमित लक्ष असते तिथे पोलादी बोल्ट रास्त, जिथे बिल्जचे, म्हणजे नौकेच्या तळाशी साचणारे, खारे पाणी पोहोचते तिथे स्टेनलेस, पण एक माप जाड. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर घाईने आवळला तर आटे एकमेकांत चिकटून बसतात आणि मग करवत घ्यावी लागते, म्हणून आट्यांना अँटीसीझ पेस्ट लावावी. आणि स्टेनलेस ॲल्युमिनियममध्ये बसत असेल तर मधे नायलॉनची बुशी, किमानपक्षी गंजरोधक पेस्ट हवीच, कारण दोन भिन्न धातू खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि तो ॲल्युमिनियमला खातो. बोल्टाभोवती फुललेली पांढरी भुकटी ही त्याचीच खूण.

आता त्या गोष्टीकडे, जिच्याशिवाय वरचे सगळे व्यर्थ आहे. माउंटिंग ज्यांवर बसते त्या, नौकेच्या तळातून लांबीने जाणाऱ्या तुळयांना स्ट्रिंगर म्हणतात. गेल्या शतकातल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बहुसंख्य अमेरिकी नौकांत हे स्ट्रिंगर लाकडाचे किंवा प्लायवुडचे, वरून फायबरग्लासचे आवरण दिलेले आहेत, आणि माउंटिंग त्यांत लांब, टोकदार, लाकडात आटे कापत जाणाऱ्या स्क्रूंनी बसवलेले असते. त्या स्क्रूच्या भोकातून पाणी उतरते, आवरण वरून शाबूत दिसत असताना आतले लाकूड कुजून भुसभुशीत होते, आणि एक दिवस स्क्रू नुसता फिरत राहतो. जुनी नौका घेणाऱ्याने किंवा माउंटिंग बदलणाऱ्याने आधी हातोडीच्या मुठीने स्ट्रिंगर ठोकून ऐकावा : टणक ठकठक आणि बद्द आवाज यांतला फरक सवय नसलेल्या कानालाही कळतो. शंका असेल तिथे माउंटिंगच्या जवळ, बाजूने, ५ मिलिमीटरचे भोक पाडून बाहेर येणारा भुसा बोटांत चोळून पाहावा; कोरडा, फिका, लाकडाचा वास असलेला भुसा असेल तर भोक इपॉक्सीने बुजवून पुढे जावे, काळपट, ओलसर आणि आंबूस वासाचा असेल तर माउंटिंगची खरेदी थांबवून पैसे स्ट्रिंगरसाठी ठेवावेत. कुजक्या तुळईवरचे सर्वोत्तम माउंटिंग हे सर्वांत महागडे माउंटिंग ठरते.

लाकूड चांगले असेल तरी लाकडात रुतणाऱ्या स्क्रूंवर ५०० अश्वशक्ती सोपवू नये. स्ट्रिंगरच्या आरपार जाणारे बोल्ट आणि पलीकडून जाड पाटी हीच रास्त पद्धत. त्यासाठी स्ट्रिंगरच्या बाजूला चपखल बसणारा ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा काटकोनी तुकडा घेऊन माउंटिंग त्याच्या वरच्या पृष्ठावर आणि बोल्ट त्याच्या उभ्या पृष्ठातून आडवे घालावेत. भोके बोल्टापेक्षा मोठी पाडून ती घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरावीत आणि इपॉक्सी कडक झाल्यावर मधोमध नेमक्या मापाचे भोक पाडावे, म्हणजे बोल्टाभोवती लाकूड उघडे राहतच नाही. नव्या नौकांच्या स्ट्रिंगरमध्ये आत लाकडाऐवजी फोम असतो; फोम कुजत नाही, पण बोल्ट आवळला की तो चेपतो, म्हणून आत धातूची किंवा फायबरग्लासची नळी घालून आवळण्याचा दाब तिच्यावर घ्यावा लागतो.

माउंटिंग बसवताना त्याची बैठक क्रँकशाफ्टच्या रेषेला समांतर असावी, शाफ्ट तिरपा आहे म्हणून माउंटिंग तिरके ओढले जाऊ नये. उंची जुळवायचा आट्यांचा खांब जितका कमी वर काढता येईल तितका बरा. तो पूर्ण वर काढून उंची मिळवली तर तरफेसारखा वाकून तुटतो, म्हणून कमी पडणारी उंची माउंटिंगखाली ठोस पाटी घालून भरून काढावी. मऊ माउंटिंग घेतले तर इंजिनाला जोडलेल्या सगळ्या गोष्टींना, म्हणजे इंधनाची नळी, थ्रॉटलची केबल आणि विशेषतः एक्झॉस्ट यांना, हलायला जागा हवी; वेगवान नौकांत ट्रान्सममधून थेट बाहेर काढलेले ताठ एक्झॉस्ट पाइप पुष्कळ असतात आणि माउंटिंग मऊ केल्यावर पहिला तडा त्यांच्या फ्लँजला जातो.

सरळ शाफ्टचे अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणे, नौका पाण्यात असताना आणि तिला पाण्यात एक-दोन दिवस झाल्यावरच करावे, कारण ट्रॉलीवर ठेवलेला तळ आणि पाण्याने उचललेला तळ यांचा आकार सारखा नसतो. कपलिंगच्या दोन तोंडांचे बोल्ट काढून तोंडे एकमेकांना अलगद टेकवावीत आणि वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेजने फट मोजावी. कपलिंगच्या व्यासाच्या दर १०० मिलिमीटरला ०.१ मिलिमीटरहून जास्त फरक नसावा. मग शाफ्टकडचे तोंड अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजावे : फट जागच्या जागी राहिली तर इंजिनाची उंची किंवा बाजू जुळवायची आहे, आणि फट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट किंवा तोंडच वाकडे आहे, तेव्हा माउंटिंगचे नट कितीही फिरवले तरी उपयोग नाही.

स्टर्नड्राइव्हमध्ये पद्धत वेगळी. मर्क्रूझर बनावटीच्या स्टर्नड्राइव्हमध्ये मागची दोन माउंटिंग ट्रान्समच्या आतल्या पाटीवर बसतात आणि त्यांची उंची बदलता येत नाही. जुळवाजुळव फक्त पुढच्या दोहोंवर होते. मागच्या बोल्टांवर फायबरची वॉशर आणि तिच्या आत दुहेरी वेटोळ्याची लॉक वॉशर असते, आणि घाईत ही जोडी गाळली किंवा जुनी चेपलेली परत घातली तर इंजिनाची उंची नकळत बदलते. बाहेरचा पाय काढून, ट्रान्सममधल्या बेअरिंगमधून अलाइनमेंटचा लांब दांडा इंजिनाच्या कपलरमध्ये सरकवून पाहायचा असतो. दांड्याच्या दातेरी टोकाला ग्रीस चोपडून तो आत घालून बाहेर काढला की ग्रीसवर कपलरच्या दातांचे ठसे उमटतात. ठसे सगळीकडे सारखे आले आणि दांडा दोन बोटांच्या जोराने आत-बाहेर झाला तर रेषा जुळली. हातोडीने ठोकून दांडा आत घालणारा मेकॅनिक आढळल्यास दुसरा मेकॅनिक शोधावा, कारण त्या ठोक्याने बेअरिंग जागचे हलते आणि खोटी रेषा खरी दिसू लागते.

नवे रबर पहिल्या काही आठवड्यांत वजनाखाली थोडे बसते, म्हणून सुरुवातीच्या वीस-तीस तासांच्या वापरानंतर अलाइनमेंट पुन्हा पाहावे आणि नट टॉर्क पान्याने तपासावेत. त्यानंतर दर हंगामाला एकदा पुरते. एक माउंटिंग गेले तर चारही बदलावीत, कारण जुन्या तिघांचे रबर वर्षानुवर्षे दबून ठेंगणे झालेले असते आणि नवे चौथे एकट्यानेच भार उचलते. तपासणीच्या वेळी रबराला धातूपाशी गेलेली चीर, एका बाजूला कललेला खांब, फुगून चिकट झालेले रबर यांबरोबरच बोल्टाच्या डोक्याभोवती तांबूस, बारीक भुकटी आहे का हेही पाहावे. ती म्हणजे साधा गंज नसून, नट घट्ट वाटत असतानाही आतले दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत असल्याची खूण आहे, आणि असा बोल्ट आवळून न भागवता काढून, भोक तपासून, नवा घालावा.